थिजण्याआधीचे तास

समुद्रतळाखालच्या खडकातून वर येणारे खनिज तेल गरम असते. जमिनीच्या पोटात दर किलोमीटर खाली गेल्यावर तापमान साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते, आणि तेलाचे साठे बहुधा दोन-तीन किलोमीटर खोल असल्याने विहिरीच्या तोंडाशी पोहोचणारे तेल अनेकदा ६० ते ९० अंशांचे असते. याउलट हजार मीटरहून खोल समुद्राच्या तळाशी, वर विषुववृत्तावरचे ऊन तळपत असले तरी, पाणी ४ अंशांच्या आसपासच राहते. या गरम तेलाला त्या गार पाण्यातून कित्येक किलोमीटर वाहून नेणारी पोलादी नळी म्हणजे समुद्राखालची तेलवाहिनी होय. तेल वाहत असते तोवर दर क्षणाला नवी उष्णता नळीत येत राहते, म्हणून वाटेत थोडी गमावली तरी चालते. परंतु प्रवाह थांबला की आवक बंद आणि खर्च मात्र चालू, अशी वाहिनीची अवस्था होते, आणि नळीतल्या तेलाजवळ व पोलादाजवळ त्या घटकेला जी उष्णतेची शिल्लक असेल तिच्यावरच पुढचे काही तास काढावे लागतात.

प्रवाह थांबण्यास मोठेच निमित्त लागते असे नाही. कधी ठरवून केलेली देखभाल असते, कधी एखादा पंप बंद पडतो, तर कधी एखाद्या संवेदकाने चुकीचा इशारा दिल्यामुळे सुरक्षायंत्रणा साऱ्या झडपा एका झटक्यात मिटवून टाकते. वादळ हे याहून मोठे कारण. २००५ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत कतरिना व रीटा ही चक्रीवादळे मेक्सिकोच्या आखातात पाठोपाठ आली, तेव्हा तेथील बहुतेक तेल-उत्पादन थांबवून प्लॅटफॉर्म रिकामे करावे लागले होते. माणसे हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर परततात. समुद्रतळावरच्या नळ्या मात्र, आतल्या मालासकट, तेथेच गार होत राहतात. अशा वाहिनीत नेमके काय घडते आणि ते किती वेळात घडते, याचा विचार करणाऱ्या अभियांत्रिकी शाखेला इंग्रजीत 'फ्लो अ‍ॅश्युअरन्स' म्हणतात. प्रवाहाची हमी, असा त्या नावाचा अर्थ असून ब्राझीलच्या पेट्रोब्रास या राष्ट्रीय तेल कंपनीत ही कल्पना १९९० च्या दशकात प्रथम रूढ झाली.

गार होण्याने बिघडते काय, याचे पहिले उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात थंडीच्या दिवसांत पाहायला मिळते. खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरच्या सकाळी उपडी केली तरी थेंब पडत नाही, कारण साधारण २४ अंशांखाली ते तेल थिजते. खनिज तेलातही मेणाचा अंश असतो. लांबलचक साखळीच्या हायड्रोकार्बन रेणूंचे हे मेण गरम तेलात साखरेसारखे विरघळून राहते, आणि तापमान एका ठराविक पातळीखाली उतरले की त्याचे बारीक स्फटिक दिसू लागतात. त्या पातळीला मेण दिसू लागण्याचे तापमान म्हणतात. आणखी खाली गेल्यावर हे स्फटिक एकमेकांत अडकून जाळे तयार करतात आणि त्या जाळ्यात उरलेले द्रव तेल कोंडले जाते. नळीतल्या एकूण मालात मेणाचा भाग शंभरात पाच-दहाच असला तरी सगळा माल घट्ट होतो. तेल वाहायचे थांबते त्या तापमानाला प्रवाहबिंदू म्हणतात, आणि तेलाची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या कागदपत्रांत घनतेच्या जोडीने हा आकडा असतोच.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्राचे तेल याच मेणकट जातीचे आहे. 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि प्रारंभी टँकरने येणारे तेल पुढे समुद्राखालच्या वाहिनीने रायगड जिल्ह्यातील उरणला येऊ लागले. या तेलाचा प्रवाहबिंदू ३० अंशांच्या आसपास आहे. तेथे समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल असल्याने तळाचे पाणी खोल समुद्राच्या मानाने बरेच उबदार असते, तरीही ते वर्षातील बहुतेक काळ या बिंदूच्या खालीच राहते. म्हणून अशा तेलात मेणाच्या स्फटिकांना एकमेकांत गुंतू न देणारी रसायने मिसळतात. ती मेण नाहीसे करत नाहीत, फक्त त्याचे जाळे विणू देत नाहीत. राजस्थानातील बाडमेरच्या मंगला क्षेत्राची अडचण याहून बिकट आहे. तेथील तेलात मेण दिसू लागण्याचे तापमानच ६५ अंशांच्या आसपास असल्याने गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी सर्व अंतरभर विजेने गरम ठेवावी लागते. ती जमिनीवरची वाहिनी आहे, त्यामुळे वाटेत ठिकठिकाणी वीजकेंद्रे उभारता आली. समुद्रतळावर ही सोय नसते.

मेण हा मंदगती शत्रू आहे. दुसरा शत्रू अधिक चपळ आणि अधिक विचित्र आहे. विहिरीतून केवळ तेल येत नाही. त्याच्याबरोबर नैसर्गिक वायू येतो आणि पाणीही येते. पुरेशा दाबाखाली आणि पुरेशा थंडीत पाण्याचे रेणू वायूच्या रेणूंभोवती पिंजरे रचतात आणि त्यातून बर्फासारखा दिसणारा, परंतु बर्फ नसलेला एक घन पदार्थ तयार होतो. त्याला हायड्रेट म्हणतात. मिथेनच्या हायड्रेटमध्ये पाण्याच्या ४६ रेणूंमागे आठ पिंजरे असतात, आणि अशा एक घनमीटर हायड्रेटमध्ये नेहमीच्या दाबाला सुमारे १६४ घनमीटर जागा व्यापणारा वायू कोंडलेला असतो. हंफ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८१० च्या सुमारास क्लोरीनचे हायड्रेट ओळखले, त्यानंतर शंभरावर वर्षे हा पदार्थ प्रयोगशाळेतील गंमत म्हणूनच राहिला. १९३४ मध्ये हॅमरश्मिट या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की हिवाळ्यात गॅसवाहिन्या तुंबवणारा जो पदार्थ लोक बर्फ समजत होते तो हायड्रेट असून पाणी गोठण्याच्या तापमानाच्या वरही तो तयार होतो. त्या दिवसापासून ही गंमत तेल-उद्योगाची डोकेदुखी झाली.

हायड्रेटला ४ अंशांना शुद्ध मिथेनच्या बाबतीत सुमारे ४० बार दाब पुरतो, १० अंशांना सुमारे ७० बार लागतो. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका दाब, आणि समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे तो एका बारने वाढतो. खोल समुद्रातल्या वाहिन्यांत शे-दोनशे बार दाब नित्याचा असतो. मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन यांसारखे जड वायू असले तर हायड्रेट आणखी कमी दाबाला आणि आणखी वरच्या तापमानाला जमते, इतके की २० अंशांनाही नळी सुरक्षित राहत नाही. २०१० साली मेक्सिकोच्या आखातातील मॅकाँडो विहिरीचा स्फोट होऊन तेल समुद्रात वाहू लागले, तेव्हा मे महिन्यात सुमारे १५०० मीटर खोलीवर गळतीवर एक प्रचंड पोलादी घुमट उतरवण्यात आला होता. घुमटाच्या वरच्या तोंडातून तेल नळीने वर घ्यायचे, असा बेत होता. परंतु गळणारा वायू आणि गार समुद्रपाणी एकत्र येताच हायड्रेटने ते तोंड बुजले आणि घुमट बाजूला ठेवावा लागला.

आता उष्णता जाते कशी आणि किती वेगाने, हे एका काल्पनिक वाहिनीवर गणित मांडून पाहणे सोयीचे होईल. नळीचा बाहेरचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर, पोलादाची जाडी १९ मिलिमीटर, लांबी १० किलोमीटर, भोवती उष्णतारोधक आवरण, आणि विहिरीकडून ६० अंशांचे तेल दर सेकंदाला २९ किलो, म्हणजे दिवसाला साधारण वीस हजार बॅरल, असे गृहीत धरू. आवरणाचा दर्जा मोजण्यासाठी अभियंते एकच आकडा वापरतात: नळीच्या दर चौरस मीटर पृष्ठभागातून, आतल्या-बाहेरच्या तापमानातील दर अंशाच्या फरकामागे, किती वॅट उष्णता निसटते. हा आकडा जितका लहान तितके आवरण चांगले. तो ४ धरला, तर विहिरीजवळच्या टोकाला नळीचा प्रत्येक मीटर सुमारे १९० वॅट, म्हणजे शंभर वॅटच्या जवळजवळ दोन जुन्या बल्बांइतकी उष्णता, समुद्राला देत असतो. दहा किलोमीटरांची बेरीज केली की ती सुमारे १४ लाख वॅट होते. तरीही तेल इतके भरभर येत असते की दुसऱ्या टोकाला ते ३५ अंशांवर पोहोचते. चालू वाहिनीला हे पुरेसे आहे.

झडपा मिटल्या की चित्र पालटते. या नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे ३५ किलो तेल असते आणि त्याभोवतीचे पोलाद सुमारे १२० किलो भरते. पोलाद साडेतीनपट जड असूनही उष्णता साठवण्यात तेलाहून थोडे मागेच पडते, कारण किलोला किलो धरले तर तेल पोलादाच्या चौपट उष्णता सामावून घेते. दोघांच्या मिळून साठवणीला उष्णता-धारकता म्हणतात, आणि बंद वाहिनीची शिल्लक ती हीच. आयझॅक न्यूटनने १७०१ मध्ये निनावी छापलेल्या एका छोट्या लेखात गरम वस्तू निवण्याचा जो नियम सांगितला होता तोच येथे लागू पडतो: भोवतालाशी तापमानाचा फरक जितका अधिक तितका निवण्याचा वेग अधिक, आणि फरक घटत जाईल तसा वेगही घटतो. त्या नियमाने हिशेब केला आणि हायड्रेटचा धोका २० अंशांना सुरू होतो असे मानले, तर विहिरीकडचे ६० अंशांचे टोक त्या रेषेपर्यंत उतरायला साडेबारा तासांच्या आसपास वेळ घेते, परंतु पलीकडचे ३५ अंशांचे टोक पावणेसात तासांतच तेथे पोहोचते. वाहिनीची मुदत सर्वांत गार टोकावरून ठरते, सरासरीवरून नव्हे. आवरणच नसते तर ही मुदत तासाभराच्या आत संपली असती.

आवरण सुधारून तो आकडा ४ वरून १ वर आणला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. उष्णतेची गळती चौपट कमी झाली म्हणून मुदत चौपट वाढेल असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे ४४ तासांवर, म्हणजे साडेसहापटीवर जाते. वाहताना उष्णता कमी गमावल्यामुळे पलीकडच्या टोकाला तेल आता ५२ अंशांचे पोहोचते, आणि निवण्याची सुरुवातच वरच्या पायरीवरून होते. चांगल्या आवरणाचा फायदा असा दोनदा मिळतो. कमी प्रवाहाचा तोटाही तसाच दोनदा होतो: क्षेत्र जुने होऊन उत्पादन घटले की वाहते तेल आधीच अधिक गार पोहोचते आणि बंद पडल्यावरची मुदतही आखडते, त्यामुळे पहिल्या वर्षी निर्धास्त असलेली वाहिनी पंधराव्या वर्षी तोच शटडाउन सोसू शकेल असे नाही.

कागदावरचे हे गणित एका बाबतीत फसवे आहे, कारण त्यात नळी एकसारख्या तेलाने भरलेली धरली आहे. प्रवाह थांबताच तेल, वायू आणि पाणी वेगवेगळे होतात. समुद्रतळ सपाट नसतो. नळी उंचवट्यांवरून चढते आणि खळग्यांतून उतरते, तेव्हा वायू उंचवट्यांकडे धावतो आणि पाणी खळग्यांत जमते. वायूत उष्णतेची साठवण अगदी थोडी असते. आपल्या उदाहरणातील नळीचा एखादा भाग शंभर बार दाबाच्या वायूने भरला तर त्याची मुदत जवळजवळ निम्मी, साडेतीन तासांवर येते. तळापासून प्लॅटफॉर्मपर्यंत चढणारी जी उभी नळी असते, तिला रायझर म्हणतात, तिच्या वरच्या भागात हमखास वायू जमतो आणि शिवाय भोवती समुद्राचा प्रवाह जोरदार असतो, म्हणून तो भाग सर्वांत आधी निवतो. खळग्यातले पाणी शटडाउनमध्ये मुकाट पडून राहते. खरा घोळ पुन्हा सुरू करताना होतो, जेव्हा वायूचे बुडबुडे त्या गार पाण्यातून घुसळत जातात आणि बघता बघता हायड्रेटची खीर, मग तिचा बोळा तयार होतो.

दुसरी फसगत सांध्यांची. विहिरीच्या तोंडावर झडपांचा जो जुडगा बसवलेला असतो त्याला तेलवाले 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. तेथून वाहिनीपर्यंत जोडणारे वाकडे तुकडे, फ्लँज, मापकयंत्रांसाठी काढलेल्या बारीक नळ्या या सर्वांवर सलग आवरण बसवणे कठीण जाते, आणि उघडे पोलाद उष्णता इतकी झपाट्याने बाहेर नेते की एक वीतभर उघडा भाग शेजारच्या भागालाही गार करतो. गोधडी कितीही जाड असली तरी पाय बाहेर राहिले तर थंडी वाजतेच. म्हणून नव्या रचनांमध्ये सरळ नळीच्या दहा किलोमीटरांपेक्षा या काही मीटरांच्या जोडकामावर अधिक संगणकीय आकडेमोड खर्च होते, आणि ते योग्यच आहे.

मुदत ठरली की कामाचे वेळापत्रक तिच्याभोवती आखले जाते. पहिल्या तीन-चार तासांत कोणी काही करायचे नाही, असा बहुतेक ठिकाणचा दंडक असतो. त्याला 'नो-टच टाइम' म्हणतात: बहुतेक बिघाड एवढ्या वेळात दुरुस्त होतात, आणि उतावळेपणाने रसायने ओतून बसले तर तो खर्च वाया जातो. त्यानंतर मात्र घड्याळ पाहून कामे करावी लागतात. ख्रिसमस ट्री आणि जोडनळ्या यांत मिथेनॉल भरतात. मिठामुळे जसे पाणी शून्याखाली गोठते, तसे मिथेनॉलमुळे हायड्रेट अधिक थंडीपर्यंत लांबते. लांब वाहिनी सगळी मिथेनॉलने भरणे परवडत नाही, तेव्हा दाब काढून टाकणे हा दुसरा उपाय समोर येतो, कारण दाब नसेल तर हायड्रेटही नाही. उथळ समुद्रात हा उपाय उत्तम चालतो. खोल समुद्रात तो बहुधा चालत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे: वरची झडप पूर्ण उघडली तरी दीड हजार मीटर उंचीच्या रायझरमध्ये उभ्या असलेल्या तेलाच्या वजनानेच तळाशी सव्वाशे बारांच्या आसपास दाब शिल्लक राहतो.

अशा वेळी तिसरा मार्ग घ्यावा लागतो. समुद्रतळावर एकाऐवजी दोन वाहिन्या टाकून त्यांची टोके जोडतात, आणि शटडाउन लांबणार असे दिसले की वायू व पाणी काढून टाकलेले तेल एका वाहिनीतून आत ढकलून दुसऱ्या वाहिनीतून आतला सारा कच्चा माल बाहेर घेतात. या निर्जल, निर्वायू तेलाला तेलवाले 'मेलेले तेल' म्हणतात. ते गार झाले तरी हायड्रेट करत नाही, कारण पिंजरा रचायला पाणी नाही आणि पिंजऱ्यात कोंडायला वायू नाही. मात्र ही अदलाबदल पुरी व्हायला कित्येक तास लागतात, म्हणजे वाहिनीची मुदत ठरवताना नो-टच वेळ, निर्णयाचा वेळ आणि या अदलाबदलीचा वेळ यांची बेरीज आवरणाने भागवली पाहिजे. आवरणाची जाडी समुद्रतळाच्या थंडीवरून ठरते तितकीच ती नियंत्रणकक्षातील माणसांना किती वेळ द्यायचा यावरूनही ठरते.

आवरणांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात नळीवर थेट प्लास्टिकचे जाड थर चढवतात, आणि ते थर समुद्रपाण्यातच उघडे राहतात. घरातील फ्रीजच्या भिंतीत असतो तसा हलका फोम येथे चालत नाही, कारण शंभर बार दाबाखाली त्याचे बुडबुडे चिरडले जातात. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनमध्ये काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळतात, ते दाब सोसतात. दुसऱ्या प्रकारात एका नळीत दुसरी नळी ठेवतात, आणि दोहोंमधल्या कोरड्या पोकळीत हलके उष्णतारोधक भरतात. बाहेरच्या नळीने समुद्राचा दाब झेलायचा आणि आतल्या नळीने तेलाचा, अशी ही वाटणी असते. जेम्स डेव्हारने १८९२ मध्ये केलेल्या दुहेरी भिंतीच्या बाटलीचीच, म्हणजे आपल्या थर्मासचीच, ही थोरली भावंडे होत. वर धरलेला १ हा आकडा या प्रकाराने गाठता येतो, त्याच्याही खाली जाता येते. ही वाहिनी महाग, जड आणि समुद्रात अंथरायला अवघड असते. ओएनजीसीने काकीनाड्यानजीक बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ९८/२ क्षेत्रातून जानेवारी २०२४ मध्ये तेल काढायला सुरुवात केली, तेव्हा तेथील मेणकट तेलासाठी नळीत नळी हीच पद्धत भारतात पहिल्यांदा वापरली.

त्याच खोऱ्यातील गॅसक्षेत्रांत वेगळा मार्ग पत्करला गेला. २००९ मध्ये सुरू झालेल्या केजी-डी६ क्षेत्रातून वायू समुद्राखालून आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर गाडिमोगा येथे येतो. वायूत उष्णतेची शिल्लकच अल्प असल्याने तो काही किलोमीटरांतच समुद्राइतका गार होतो, तेव्हा उष्णता राखण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी विहिरीपाशीच मोनोएथिलीन ग्लायकोल सतत मिसळतात आणि किनाऱ्यावर ते पाण्यापासून वेगळे करून पुन्हा वापरतात. नॉर्वेतील ओर्मेन लांगे क्षेत्रात तळाचे पाणी शून्याखाली एक अंशाच्या आसपास असूनही १२० किलोमीटर वायू याच मार्गाने किनाऱ्याला आणला जातो. अशी वाहिनी बंद पडली तरी तिच्यात नवे संकट फारसे उभे राहत नाही, कारण ती आधीपासूनच गार असते आणि तिचे औषध आत आधीच असते. तेलवाहिनीला ही चैन नसते. ग्लायकोलने हायड्रेट आवरले तरी मेण आवरत नाही.

तेलवाहिनीला विजेची शेगडी लावण्याचा उपाय नॉर्वेतच रूढ झाला. वाहिनीच्या पोलादातूनच प्रत्यावर्ती वीजप्रवाह सोडायचा आणि पोलाद स्वतःच्या विद्युतरोधामुळे गरम होऊ द्यायचे, अशी ही युक्ती असून ओस्गार्ड क्षेत्रात ती २००० च्या सुमारास वापरात आली; टायरिहान्स क्षेत्राची अशी तापवता येणारी वाहिनी तर ४३ किलोमीटर लांब आहे. तेथे शटडाउनमध्ये घड्याळ पाहत बसावे लागत नाही, वीज चालू ठेवली म्हणजे झाले. पण शटडाउनचे कारणच वीज जाणे असेल तर ही सोय मोलाची राहत नाही.

मुदत उलटली आणि तेल थिजले, तर पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारा दाब साध्या सूत्राने निघतो. थिजलेल्या तेलाचे जाळे तुटायला जो ताण लागतो तो घट्ट टोमॅटो सॉसच्या जोडीचा, म्हणजे ५० पास्कल धरला, तर वरच्या उदाहरणातील दहा किलोमीटर नळीतला सारा माल एकदम हलवायला सुमारे ८५ बार दाब लागेल. सॉससारख्या मऊ पदार्थाला साडेआठशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागावा, हे नवल त्या लांबीचे आहे. पंपात आणि नळीत तेवढा दाब सोसण्याची ताकद नसेल तर वाहिनी कायमची सोडून द्यावी लागू शकते. व्यवहारात मात्र जाळे एकाच वेळी सगळीकडे तुटत नाही, दाब लावलेल्या टोकाकडून ते हळूहळू मोडत जाते, त्यामुळे हा अंदाज बहुधा भीतीच्या बाजूला झुकलेला असतो.

हायड्रेटचा बोळा बसला तर भीती रास्तच असते. बोळ्याच्या एकाच बाजूचा दाब काढला तर दुसऱ्या बाजूचा दाब त्याला बंदुकीच्या गोळीसारखा नळीतून हाणतो, आणि पहिल्या वळणावर नळी फुटू शकते; म्हणून दाब नेहमी दोन्ही बाजूंनी, सावकाश उतरवतात. तोही फार उतरवून चालत नाही, कारण दाब कमी होताच विरघळू लागलेला हायड्रेट स्वतःची उष्णता शोषून शून्याखाली जातो आणि सुटलेल्या पाण्याचा खराखुरा बर्फ होतो, जो दाब कितीही काढला तरी वितळत नाही. तेव्हा दाब असा राखतात की बोळा शून्याच्या जरा वर, एक-दोन अंशांवर राहावा, आणि ४ अंशांच्या समुद्राकडून त्याला वितळण्यापुरती ऊब मिळत राहावी. एरवी ज्याच्यापासून तेलाला वाचवायचे तो गार समुद्रच आता उष्णता पुरवणारा ठरतो, आणि त्या दोन-तीन अंशांच्या फरकाने येणारी उष्णता नेमकी त्याच आवरणातून आत यावी लागते जे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून बसवले होते. आवरण दोन्ही दिशांना सारखेच काम करते. त्यामुळे उघड्या नळीत काही दिवसांत विरघळणारा बोळा उत्तम आवरणाच्या वाहिनीत कित्येक आठवडे तसाच बसून राहतो.